दोर ताणला तर पुढे ये

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घोडी पाच वर्षांची, स्वभावाने गरीब. खांबाला बांधून खरारा करता तोवर निवांत उभी असते. तुम्ही खोगीर आणायला आत गेलात की काही मिनिटांत मागे रेटायला लागते, सगळं अंग टाकून ओढते, आणि आतापर्यंत दोन म्होरक्या (डोक्यावर चढवायच्या पट्ट्या, ज्यांना दोर अडकवतात) तोडून मोकळी झाली आहे. जाणत्या माणसांनी सल्ला दिलाय की न तुटणारी म्होरकी घाला, जाड दोर घ्या, भक्कम खांबाला बांधा आणि एकदा काय ते लढून घेऊ द्या. दमली की आपोआप शहाणी होईल. तसं करावं का?

नको. का नको ते सांगते, आणि त्याऐवजी मी काय करते तेही सांगते. फक्त एक आधीच कबूल करते: तुमची घोडी मी पाहिलेली नाही. तिचे आधीचे मालक कसे होते, शिंगरू असताना तिला कोणी कशी हाताळली, हे मला माहीत नाही, आणि उत्तराचा बराचसा भाग त्यावर अवलंबून आहे. त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच पडताळून पाहाव्या लागतील.

तुम्ही म्हणता, तिला बांधून उभं राहता येत नाही. मला तुमच्या वर्णनात दोन प्रश्न दिसतात आणि ते एकमेकांत गुंतलेत. पहिला, तुम्ही नजरेआड झालात की ती अस्वस्थ होते. दुसरा, त्या अस्वस्थपणात ती दोन पावलं मागे सरते, दोर ताणला जातो, आणि ताणलेल्या दोराचं काय करायचं असतं हे तिला कोणी शिकवलेलंच नाही. पहिला प्रश्न कमीअधिक प्रमाणात सगळ्याच घोड्यांचा असतो. कळपातलं जनावर आहे, एकटं पडलं की कान टवकारणारच. मान मोडते ती दुसऱ्या प्रश्नामुळे. म्हणून काम दुसऱ्यापासून सुरू करायचं, आणि ते करताना घोडी बांधायचीच नाही.

म्होरकीची वरची पट्टी कानांच्या मागून, माथ्यावरून जाते. घोडा मागे सरकला की सगळा ताण तिथे येतो. आता घोड्याचा स्वभाव बघा. शिंगराच्या छातीला हात लावून त्याला मागे ढकला. ते मागे जायचं सोडून तुमच्याच हातावर रेलतं. दाब आला की उलटा जोर लावायचा ही उपजत खोड आहे. बांधलेल्या घोड्याच्या ती मुळावर येते. मागे ओढलं म्हणून माथ्यावर दाब, दाब आला म्हणून आणखी मागे, आणि मागे गेला म्हणून आणखी दाब. तीन-चार सेकंदांत त्याच्या लेखी प्रश्न दोराचा राहत नाही, जिवाचा होतो. संकट आलं की पळायचं एवढंच ज्याला येतं, त्याला आता पळता येत नाही. मग मागचे पाय पोटाखाली घेऊन, पुठ्ठे खाली दाबून चार-पाचशे किलोचं जनावर जोर लावतं. त्या वेळी तुमचा आवाज, तुमची माया, तुमचा चाबूक, काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

याचा शेवट दोन प्रकारे होतो. काहीतरी तुटतं आणि घोडा मागच्या मागे आदळतो. पुठ्ठ्यावर बसला तर नशीब; माथा जमिनीवर आपटला तर कवटीच्या तळाचं हाड मोडू शकतं आणि तो जागच्या जागी जाऊ शकतो. किंवा मग काहीच तुटत नाही आणि सगळा जोर मानेच्या वरच्या मणक्यांनी आणि माथ्यामागच्या स्नायूंनी सोसायचा. ही दुसरी इजा लगेच दिसत नाही, म्हणून लोकांना ती स्वस्त वाटते. महिनाभराने घोडा एका बाजूला वळायला नाखूश असतो, लगाम चढवताना डोकं वर नेतो, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यातलं अर्धं मात्र खरं आहे, तेवढं मान्य करायला हवं. म्होरकी तुटणं वाईटच. दोन वेळा तुटली म्हणजे घोडी एकच धडा दोनदा शिकली: पुरेसा जोर लावला की सुटका होते. दहा वेळा नाही तुटली आणि अकराव्यांदा तुटली, तर ती पुढे वीस वेळा प्रयत्न करेल. पण न तुटणारी म्होरकी घालून तुम्ही तिला फक्त चुकीचं उत्तर बंद करून देताय. बरोबर उत्तर कोणतं ते तिला अजूनही माहीत नाही. काही घोडे असे लढून, घामाघूम होऊन, शेवटी उभे राहतात. मी पाहिलेत. ते शांत दिसतात, पण डोळे विझलेले असतात. आणि काही महिन्यांनी प्लॅस्टिकचा कागद फडफडत पायाशी आला की तेच घोडे पहिल्याइतक्याच जोराने मागे जातात, कारण त्यांनी फक्त हार मानलेली असते. दोर ताणला तर पुढे यायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

माझी स्वतःची एक चूक सांगते. शिकाऊ होते तेव्हा पाण्याची बादली आणेपर्यंत, पाच मिनिटांसाठी, मी एक तगडा घोडा लोखंडी फाटकाला बांधला. परत आले तेव्हा त्याने हिसका दिलेला होता, फाटक बिजागरीतून निसटलं होतं आणि ते मागे खडखडत त्याचा पाठलाग करत होतं. तो जितका जोरात पळे तितकं फाटक जोरात अंगावर येई. सगळा मळा तुडवून तो थांबला तेव्हा चारही पाय सोललेले होते. तो घोडा बरा झाला, पण फाटकाजवळून तो पुढे कधीच सरळ चालला नाही, आणि ओढलं तर हलेल अशा कुठल्याही वस्तूला मी पुन्हा कधी घोडा बांधला नाही. कुंपणाची आडवी फळी, गाडीचं दार, चाकावरची कसलीही वस्तू, सगळं याच यादीत.

शिकवणीला हात घालण्याआधी दुखणं वगळा. ही पायरी लोक वगळतात, दुखणं नाही वगळत. एक मध्यमवयीन खच्ची घोडा माझ्याकडे 'मागे ओढणारा' म्हणून आला होता. त्याच्या म्होरकीची नाकपट्टी घट्ट होती आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झालेल्या होत्या. दोर जरा ताणला की नाकपट्टी गालाचं आतलं मांस त्या कडांवर दाबायची. पशुवैद्यांनी दाढा घासल्या, मी म्होरकी बदलली, आणि अर्धं काम तिथेच झालं. तुमच्या घोडीने दोनदा तुटेपर्यंत ओढलंय, म्हणजे माथा आणि मान तपासून घेणं आलंच. कानांमागे बोटं फिरवल्यावर ती डोकं झटकते का, हातात चाऱ्याची काडी घेऊन मान दोन्ही बाजूंना सारखी वळवते का, हे घरीही बघता येईल. आणि एक नोंद ठेवा: ती मागे रेटते ते नेहमी तुम्ही आत गेल्यावरच, की खोगीर घेऊन परत येताना दिसलात की? हा फरक मोठा आहे. खोगीर दिसल्यावर असेल तर प्रश्न पाठीचा, तंगाचा (खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याचा) किंवा पोटाचा असण्याची शक्यता वाढते, आणि मग पुढचं सगळं दुय्यम.

दुखणं नाही असं धरून आता कामाला लागू.

मऊ, जाडसर सुती दोर घ्या, साडेतीन-चार मीटर. हातमोजे घाला. घोडीच्या डोक्याशेजारी उभं राहून दोर म्होरकीजवळ धरा आणि खालच्या दिशेला नुसतं हाताचं वजन टाका. ओढायचं नाही. ती काय करते बघा. बहुधा डोकं वर नेईल. हात तिच्याबरोबर वर जाऊ द्या, वजन तेवढंच ठेवा, वाढवू नका आणि सोडूही नका. कधीतरी डोकं बोटभर खाली येईल. त्याच क्षणी हात पूर्ण सैल. पुन्हा. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणातून शिकतो, म्हणून तुमचं सगळं लक्ष त्या सोडण्याच्या वेळेवर लावा. अर्धा सेकंद उशिरा सोडलंत तर तिने त्या अर्ध्या सेकंदात जे केलं त्याचं तुम्ही बक्षीस दिलंत.

खाली यायला लागली की मग पुढे. एक पाऊल समोर उभं राहून, थोडं बाजूला, दोर हळूच पुढच्या दिशेला ताणा. ती वजन पुढच्या पायांवर नुसतं झुकवेल; सोडा. मग एक पाऊल टाकेल, सोडा. मागे गेली तर तिच्याबरोबर चालत जा, दोरावरचा ताण होता तेवढाच ठेवून. इथे बहुतेकांचं चुकतं, ते पाय रोवून उभे राहतात आणि घोडीशी रस्सीखेच खेळतात. माणूस घोड्याशी रस्सीखेच कधीच जिंकत नाही, आणि घोड्याला ते कळलं तर तो ते विसरतही नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे, दिवसातून एकदा. चार-पाच दिवसांत दोन बोटांच्या ताणाला तिचं डोकं तुमच्या हाताबरोबर यायला लागेल, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

इथवर आल्यावर लोकांना वाटतं झालं, आणि ते घोडा बांधून टाकतात. झालेलं नसतं. शांत असताना जे येतं ते घाबरल्यावर येईलच असं नाही. म्हणून मी हाच धडा घोडा थोडा उत्तेजित असताना पुन्हा घेते: दुडक्या चालीवरून थांबवल्यावर लगेच, वारा सुटलेला असताना, सोबतचा घोडा दूर नेला जात असताना, कोणीतरी पंधरा-वीस पावलांवर पोतं झटकत असताना. डोकं वर गेलं, डोळे मोठे झाले, आणि मी दोर ताणला: आता ती पुढे येते का? ज्या दिवशी घाबरलेली घोडी मागे जाण्याऐवजी दोराच्या दिशेने एक पाऊल टाकते, त्या दिवशी मला वाटतं की ही आता बांधता येईल. या पायरीला माझ्याकडे सगळ्यात जास्त दिवस लागतात आणि ते मी कधीच कमी केलेले नाहीत.

याच्याच जोडीला मागचा भाग बाजूला सरकवायला शिकवा. तिच्या बरगडीजवळ हात ठेवला की मागचे पाय आडवे टाकून पुठ्ठा सरकायला हवा, दोन्ही बाजूंना. कारण साधं आहे. बांधलेल्या घोड्याला पुढे खांब असतो, मागे दोर जाऊ देत नाही. अस्वस्थ पायांना कुठेतरी जायचं असतं. बाजूला झुलता येतं हे ज्याला माहीत आहे त्याला मागे जायची निकड कमी वाटते. दोर पाठीवरून, पायांवरून, कानांमागून सरकवून त्याची सवयही याच दिवसांत करून घ्या.

मग दोर खांबाला लागतो, पण गाठ नाही. सहा-सात मीटरचा दोर खांबाच्या कडीतून किंवा आडव्या गुळगुळीत नळीवरून एकच वेढा देऊन घ्यायचा आणि दुसरं टोक तुमच्या हातात. तुम्ही घोडीच्या खांद्याच्या तिरक्या रेषेत, लाथ आणि खांब दोन्हींपासून लांब. दोराचा वेढा हातावर किंवा बोटांत कधीही घेऊ नका. बोट जातं, ही अतिशयोक्ती नाही. आता घोडी मागे सरली तर दोर ताणेल आणि घर्षणाने थोडा विरोध करत सरकेल. ती अडकत नाही, आणि मोकळीही होत नाही. तिने मागे जायचं थांबवलं की तुम्हीही ताण थांबवा. पुढे आली की दोर सैल, आणि मग हळूच आत ओढून घ्या. पहिल्या काही दिवसांत ती दोन मीटर मागे जाऊन थांबेल, विचार करेल आणि परत येईल. तो थांबून विचार करण्याचा क्षण बघण्यासारखा असतो. जिभेने ओठ चाटते, मान खाली येते. दोर सरकू देणाऱ्या खास कड्याही मिळतात, जिभेसारख्या पट्टीखालून दोर जातो आणि जोर आला की घसरतो. चांगली वस्तू आहे, फक्त दोराच्या टोकाला गाठ मारू नका, नाहीतर ती शेवटी तिथेच येऊन अडकते आणि सगळं मुसळ केरात.

इथपर्यंतचा हिशेब असा: डोकं खाली आणि पुढे देणं, तेच घाबरलेली असताना, पुठ्ठा बाजूला, आणि सरकणारा दोर. हे चार जमले, आणि सलग आठ-दहा दिवस सरकत्या दोरावर ती स्वतःहून पुढे येते आहे असं दिसलं, की खरं बांधायचं. घाई असेल तर यातलं एकही वगळण्यापेक्षा घोडी न बांधलेली बरी.

बांधायची जागा हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात माझा फारसा लवचीकपणा नाही. खांब जमिनीत खोल रोवलेला. कडी निदान घोडीच्या डोळ्यांच्या उंचीला. खाली बांधलं तर तिला मानेचा पूर्ण जोर लावता येतो आणि पाय दोरावरून जाऊ शकतो. वर बांधलं तर दोन्ही कमी होतं. दोर गाठीपासून म्होरकीपर्यंत साधारण दीड-दोन फूट: डोकं आरामात खांद्याच्या पातळीला ठेवता यावं, पण जमिनीपर्यंत पोचू नये. पायाखाली निसरडं नको. सिमेंटच्या ओल्या फरशीवर घोडा मागे सरताना घसरला तर त्याला कितीही शिकवलेलं असो, तो घाबरणारच. आजूबाजूला बादल्या, फावडी, दोराची भेंडोळी नको. शेजारी दुसरा घोडा असेल तर मध्ये तीन मीटर सोडा. आणि लगामाने कधीही, एका मिनिटासाठीही बांधू नका. तोंडातली कडी आणि मागे ओढणारा घोडा म्हणजे फाटलेली जीभ.

गाठ सुरगाठ, दोराच्या मोकळ्या टोकाला, म्हणजे गाठीच्या शेपटाला, एक हिसका दिला की सुटणारी. निरगाठ मारणाऱ्या माणसाच्या हातात मी घोडा देत नाही. पण एक भ्रम काढून टाका: घोड्याने पूर्ण जोर लावल्यावर सुरगाठही आवळून दगड होते. म्हणून बांधायच्या जागेपासून चार पावलांवर, घोड्याला पोचता येणार नाही अशा ठिकाणी, धारदार चाकू टांगलेला असावा. (काही घोडे दातांनी शेपूट ओढून सुरगाठ सोडतात. असा एक माझ्याकडे होता. तो स्वतः सुटून शेजारच्यांनाही सोडवायचा. त्यांना शेपूट फासातून एकदा सैलसर ओवून ठेवा, आणि आपण तसं केलंय हे लक्षात ठेवा.)

आता तुटणारं की न तुटणारं. यावर अनुभवी माणसं आयुष्यभर भांडतात. माझं उत्तर परिस्थितीवर बदलतं. शिकवताना मी गाठच मारत नाही, त्यामुळे प्रश्न येत नाही. शिकलेल्या घोड्याला बंदिस्त आवारात बांधते तेव्हा मजबूत म्होरकी आणि मजबूत दोर, पण मध्ये एक कच्चा दुवा: कडीला पातळ सुतळीचा फास, आणि दोर त्या फासाला. किंवा माथ्यावरची पट्टी चामड्याची असलेली म्होरकी. जिवावर बेतलं तर ते आधी तुटावं. गवताच्या गठ्ठ्यांची प्लॅस्टिकची सुतळी मात्र दिसते त्यापेक्षा फार चिवट असते, तिचे धागे सोडवून अर्धी करून वापरा. रहदारीच्या रस्त्याजवळ मी कच्चा दुवा ठेवत नाही, कारण तिथे सुटलेला घोडा बांधलेल्यापेक्षा मोठा धोका असतो. पण मग तिथे मी घोड्यापासून हलतही नाही. रबराचे ताणणारे पट्टे मी वापरत नाही. ते तुटले की लोखंडी हूक गोळीसारखा परत येतो, घोड्याच्या नाहीतर तुमच्या डोळ्यात.

आणि मग तुमचा मूळ प्रश्न, आत गेल्यावर एकटं पडण्याचा. दोराचं उत्तर तिला माहीत झालं की हा प्रश्न निम्मा होतो, पण संपत नाही. त्याला वेगळा सराव लागतो आणि तो कंटाळवाणा आहे. सुरुवातीला घोडी काम करून थकलेली असताना, शेजारी शांत सोबती असताना बांधा. तीन पावलं लांब जा, परत या. दहा पावलं, परत या. दारापर्यंत. दारात पाठमोरं उभं राहून. आत एक श्वास, बाहेर. परत येण्याची वेळ तुम्ही ठरवायची आणि ती नेहमी घोडी शांत असतानाची असावी. ती खूर आपटत असताना धावत आलात तर खूर आपटल्यावर माणूस येतो हे ती एका दिवसात शिकेल. खूर आपटू द्या, लीद टाकू द्या, खिंकाळू द्या. पाच सेकंद थांबली की तिच्याकडे जा. पहिल्या आठवड्यात मी दोन-तीन मिनिटांवर जात नाही. महिन्याभरात वीस-तीस मिनिटं होतात. तासन्‌तास खांबाला बांधून 'संयम शिकवणं' मला पटत नाही. घोडा मान खाली घालून चरणारा प्राणी आहे, डोकं खूप वेळ वर बांधून ठेवलं तर श्वासनलिकेतला कफ खाली उतरून बाहेर पडत नाही. लांबच्या वाहतुकीत घोड्यांना फुप्फुसाचं दुखणं होतं त्यामागे हे एक कारण असतं.

एवढं करूनही कधीतरी मागे रेटेल. तेव्हा तिच्या डोक्याकडे धावू नका. घोड्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांत दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाही, आणि समोरून आलेला माणूस तिला आणखी मागे ढकलतो. शिवाय सुटली तर पुढची उडी तुमच्या अंगावर असते. बाजूला व्हा, गप्प राहा. गाठीचं शेपूट सुरक्षित अंतरावरून हाती लागत असेल तरच ओढा. बऱ्याचदा काही सेकंदांत ती स्वतःच पुढे येते, कारण आता तिला उत्तर माहीत आहे. ओरडून ते तिला विसरायला लावू नका. नंतर चालवून बघा. झोक जातोय, डोकं तिरकं धरते आहे, नाकातून किंवा कानातून रक्त आलंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला पशुवैद्य. तसं काही नसेल तर दोन-तीन दिवस मागे जाऊन सरकत्या दोरावर काम करा आणि मग पुन्हा बांधा.

किती दिवस लागतील? कधी न ओढलेल्या कोऱ्या घोड्याला तीन-चार आठवडे. तुमच्या घोडीसारख्या दोनदा सुटलेल्या जनावराला दोन-तीन महिने धरा. आणि जुना, वर्षानुवर्षं ओढून सुटत आलेला घोडा कधीच पूर्ण भरवशाचा होत नाही. माझ्याकडे अशी एक म्हातारी घोडी आहे. तिला मी आजही गाठ मारत नाही. कडीतून दोर एकदा ओवते, टोक लोंबतं ठेवते, आणि ती तशीच उभी राहते. तिला वाटतं बांधलंय, मला माहीत आहे की नाही, आणि आम्हा दोघींचं बरं चाललंय.

उद्या सकाळचं काय, हा प्रश्न उरतो, कारण खोगीर तर घालायचंच आहे. उद्यापासून खोगीर, तंग, लगाम, खरारा, सगळं सामान आधी बाहेर काढून हाताशी ठेवा आणि मगच घोडी आणा. कोणी मदतीला असेल तर त्याने दोर हातात धरून उभं राहायचं, वेढा न घेता. कोणी नसेल तर दोर कडीतून नुसता ओवा आणि टोक तुमच्या कोपराच्या घडीवर सैल टाका, ओढलं तर सरकून जाईल असं. तंग एका दमात कसू नका. एक भोक, दोन पावलं चालवा, मग दुसरं. आणि त्या दोन तुटलेल्या म्होरक्या शिवून पुन्हा वापरात आणू नका. शिवण कधी उसवेल याचा नेम नसतो, आणि तिला तिसऱ्यांदा सुटलेली मला बघायची नाही.